गार झालं की बंद

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो. माणसाचा घात कोण करतं — द्वेष की माया? तुम्ही म्हणाल, महाराज, द्वेष! थांबा. आधी गोदाक्काची गोष्ट ऐका, मग बोला.

गोदाक्काचे मालक दौलततात्या. तात्यांना साखरेचा आजार, रोज इन्सुलिनचं इंजेक्शन. उन्हाळा तर असा, की पत्र्याखाली बसवत नाही! पोरानं, भास्करनं, पुण्याहून फ्रिज पाठवला. कशासाठी? गार सरबत प्यायला? नाही! बापाचं औषध टिकावं म्हणून!

मिस्त्री आला. म्हणाला, "आक्का, भिंतीपासून वीतभर लांब राहू द्या, मागून गरम हवा निघते. औषध मधल्या कप्प्यात, बर्फाजवळ नको. आणि बटण बंद करायचं नाही. गार झाला की तो आपला आपण थांबतो."

आक्का म्हणाली, "हो, हो."

मिस्त्रीची पाठ फिरली — फ्रिज नेऊन टेकवला भिंतीला! वर विणलेला रुमाल, दाराला हळदीकुंकू! शेजारणीला सांगते कशी, "टाकी भरली की आपण मोटर बंद करतो ना? तसंच! सकाळी लावते, गार झालं की बंद. यंत्रालाबी जीव असतो बाई!" पाहुणे आले की मात्र दिवसभर चालू हं!

हसलात? हसा. आत बाटली तापत होती. ते औषध दुधासारखं नासत नाही हो! वास नाही, काही नाही. दिसायला होतं तसंच, गुण तेवढा गेलेला! आक्का रोज देवाचं नाव घेऊन स्वतःच्या हातानं सुई टोचायची. साखर वाढली. डॉक्टरांनी औषध वाढवलं. आक्कानं उपास वाढवले! तात्यांच्या पायाला साधी ठेच लागली — ती चिघळली, काळी पडली. पाय कापला, मंडळी! तरी विष अंगभर गेलंच होतं.

तेव्हा कुठं डॉक्टरांनी तात्यांना विचारलं, "औषध ठेवता कुठं?"

"फ्रिजमधी की!"

"चालू असतो?"

"सकाळी असतो, थोडा वेळ..."

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. तात्या समजले. डॉक्टरांचा हात धरून म्हणाले, "साहेब, पाया पडतो, हिला सांगू नका. लई जीव लावती ती."

आणि आक्का? दारात उभी! हातात पेजेचं भांडं!

तात्या गेले. देव का नाही धावला, म्हणता? अरे, त्यानं मिस्त्री पाठवला होता ना!

आज जा तिच्या घरी. फ्रिज भिंतीपासून वीतभर लांब. बटण बंद होत नाही. आत काय आहे? काही नाही! रिकामा फ्रिज रात्रंदिवस घरघरतो आणि म्हातारी समोर बसून ऐकते.

आणि तुम्ही? घरच्यांवर जीव टाकता — पण त्यांना काय हवं, कधी विचारलंत? सप्ताहात नाम चालू, प्रसाद खाल्ला की बटण बंद! गार झालं, पुरे! खरं सांगू? मला तुमच्याकडून आशा वाटत नाही. मी इतकं सांगतोय आणि तुम्ही माना डोलावताय — "हो, हो."

आक्काही "हो, हो"च म्हणाली होती, मंडळी. घ्या देवाचं नाव.