सभा संध्याकाळी पाचले

...अन् सभा कितीले? तं संध्याकाळी पाचले! घ्या! आता मले सांगा, संघ कोनाचा? सांजवर्ग सेविकांचा. म्हंजे शाळा सुटली का कामावरच्या बायांचे लेकरं सांभाळनाऱ्या बायांचा. त्यायचं काम कवा? पाच ते साडेसात. अन् त्यायची सभा कवा? पाचले! कुठं? बुलढाण्याले! अरे, हे तं कोंबड्याची मिटिंग पाह्यटे ठेवल्यावानी झालं! मंग सभेले येते कोन? ज्यायच्यापाशी लेकरं नाहीत थे. सेक्रेटरी वामनराव येतात, हार येतात, चहा येते, सेविका तेवढी येत नाही. अन् वामनराव घोटभर पानी पिऊन म्हन्तात, "सेविकांचा निरुत्साह चिंताजनक आहे. विषय पुढच्या सभेत घेऊ."

जीव जळते हो माहा! काऊन नाही जळनार? मी चिखलीच्या कापसाच्या जिनात भोंगा वाजोनारा मानूस, अन् माह्या खोलीले लागूनच जनकाबाईचा सांजवर्ग. आपलं महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट सांगून राह्यलो. जनकाबाई एकटी बाई, नवरा गेलेला, पोटी लेकरू नाही, पन जिनभरचे पोट्टे एका आवाजात खाली बसोत होती. अन् तिची एक रीत होती. भोंगा वाजला का बाया रुईनं पांढऱ्याफटक होऊन दारात येत, तं ही काही लेकरू असंच सोडत नव्हती. लेकराचा हात धरे अन् इचारे, "वळखतं का रे ह्यायले?" लेकरू "हाव" म्हने, तवाच हात सोडे. सख्खी माय समोर उभी, तरी इचारे! बाया हासत, "अवो बाई, म्याच जनलं ह्याले!" तं ही म्हने, "असंन. पन त्याले म्हनू द्या."

त्याच जिनात होती कोकिळा. तिचाबी नवरा नव्हता, एक पोरगी बेबी, सहा वर्साची. एक दिस कोकिळा म्हने, "बाई, साखरखेर्ड्याले भावाकडं जाऊन येतो. सांजच्याले येतो. बेबीले ठेवजा." भोंगा वाजला. सारे लेकरं गेले, बेबी राह्यली. जनकाबाई म्हने, "येतीनच घ्यायले." दुसऱ्या दिशी भोंगा वाजला, बेबी राह्यली. "येतीनच, बाई." मंग निरोप आला... कोकिळेले माहेरी हगवन लागली, अन् एका रातीत खेळ खतम.

दोन दिसानं मामा आला, निवृत्ती नाव त्याचं. बैलगाडी फाटकापाशी. जनकाबाईनं बेबीचा हात धरला. "वळखतं का ह्यायले?" "हाव. मामा." जनकाबाईनं हात सोडला... अन् मामानं धरलाच नाही! इकडं पाह्यते, तिकडं पाह्यते. "इतके दिस जेवली कुठं?" "माह्या घरी, दादा. अजून कुठं?" आता जनकाबाई बौद्धवाड्यातली, हे का कोकिळेले मालूम नव्हतं? तिनं कवा काई म्हटलं नाही. पन ह्याचं तोंड पाहा लागत होतं! "अस्सं... बरं, बैलाले पानी पाजून आलोच," म्हने अन् गेला. तुम्हाले सांगतो, ते बैलं अजून पानी पिऊन राह्यले! अन् पोरगी? रडली नाही, काई नाही, हात तसाच पुढं करून उभी. म्या तोंड फिरवलं.

मंग जनकाबाईले वाटलं, आपला संघ आहे न, इचारू! लेकरायच्या मायांले सांगून ठेवलं अन् सारा वर्ग घेऊन बसली एष्टीत. कंडक्टर डोये फाडून म्हन्ते, "बाई, इतके सारे तुमचेच?" "साडेसात वाजेलोक माहेच." "अन् ही पोरगी?" "हिचं सभेत ठरनार हाय."

सभेत वामनराव म्हने, "बाई, सभेला मुलं आणता येत नाहीत." "मंग सभा सकाळी ठेवा न, भाऊ." पोट्ट्यायनं टाळ्या वाजवल्या! जनकाबाई म्हने, "मले एकच सांगा. हिले घ्यायले कोनी आलं नाही. आता ही कोनाची?" वामनरावानं चष्मा लावून संघाचा नियम वाचला, "घ्यायला कोणी येईपर्यंत मूल सेविकेच्या स्वाधीन राहील." "अन् कोनी आलंच नाही तं?" वामनरावानं पानी पेलं. "विषय गंभीर आहे. पुढच्या सभेत घेऊ." पुढची सभा कितीले? पाचले! झालं!

राह्यली बेबी. नियमच होता न! पन जनकाबाईचं मन पाहा. पोरीले म्हने, "येतीनच कोनी घ्यायले," अन् फाटकापाशी बैलाच्या घागरमाळा वाजल्या का पोरीले पदराखाली घेऊन दार लावे! या म्हने, अन् येऊ नका म्हने, एकाच तोंडानं. बारा वर्स अशे काढले त्या बाईनं. माहा तं जीव तुटे.

मंग बेबीचं लगन ठरलं. मेहकरचा पोरगा, शाळेत मास्तर, लाखात एक. लगन लागलं, जेवनं झाले, गाडीवाला बोंबलून राह्यला, "चला, चला, उशीर झाला!" अन् जनकाबाई पोरीचा हात सोडेच ना. शेवटी नवऱ्या पोरासमोर उभी केली अन् इचारलं, "बेबी, वळखतं का ह्यायले?" सारं वऱ्हाड हासलं. म्या नाही हासलो. बेबी रडता रडता म्हने, "हाव." जनकाबाईनं हात सोडला... अन् धरला हो त्यानं! दोन्ही हातानं धरला!

आता डोये गेले जनकाबाईचे. वर्ग दुसऱ्या बाईले देला. बेबी येते सनावाराले, माय माय करते, पन तिलेबी सासू-सासरे, लहान पोट्टे, रोजच्या सांजीले कुठून येईन? भोंगा वाजला का म्हातारी ओट्यावर येऊन बसते. मी म्हन्तो, "बाई, अंधार झाला, घरात जा." म्हन्ते, "बसतो जराक. येतीनच कोनी घ्यायले."

नाही राहवलं, गेलो बुलढाण्याले. म्हटलं, "वामनराव, जिनं जनमभर दुसऱ्याचे सांभाळले, तिले कोनी सांभाळाव, हे तुमच्या संघात हाय का कुठं?" वामनरावानं पानी पेलं. "विषय फार चांगला आहे. पुढच्या सभेत घेऊ. बाईंनाच पाठवा." म्हटलं, "सभा कितीले?" "नेहमीप्रमाणे. संध्याकाळी पाचला."

जाऊ द्या... या टायमाले जाईन जनकाबाई सभेले. पाचले आता रिकामीच असते थे.