करवंदीचे काटे

कासा नाक्यावर जीप अजून भरली नव्हती. दोन बायांच्या मध्ये अंग चोरून बसलेल्या सोनलने मोबाइलवरून मान वर केली, कारण त्या दोघींचं भांडण तिच्या डोक्यावरूनच सुरू झालं होतं.

"धाकले, पिशवीत काय आहे?"

"कुलूची भाजी, यमुनाकाकी. पहिली देवाला दाखवायची ना."

"देवाला रानभाजी, ती पण विकतची?"

"यंदा माळावर उगवलीच नाय."

"उगवेल कशी? करवंदीच्या जाळीत बकरीचं तोंड शिरत नव्हतं, म्हणून कुलू वाचायची. पाला कुजून जाळीखालीच काय ती काळी माती, बाकी सगळा मुरूम. त्या जाळ्या कोणी तोडल्या?"

"हळू बोल काकी, लोक ऐकतात."

"ऐकू देत! तुझ्या नवऱ्यानंच गेल्या वर्षी कोयता चालवला ना?"

"फॉरेस्टचा साहेब बोलला, झुडपं काढा, झाडं लावायची आहेत. यांचा काय दोष?"

"मग कुठं आहेत झाडं?"

"बकऱ्यांनी खाल्ली."

"खाणारच! उन्हाळ्यात हायवेला करवंदं विकायला बसायचे मी. आता काय मुरूम विकू?"

"काकी, आता परत नवीन रोपं आलीत. साहेबानं यांना टेम्पो देऊन तलासरीकडं पाठवलंय."

"तलासरीला काय ठेवलंय?"

धाकलीने पिशवी छातीशी धरली.

"बोल की!"

"बकऱ्या शिरू नयेत म्हणून रोपांना कुंपण करायचंय. करवंदीचे काटे आणायला गेलेत."