तीन महिन्यांच्या गोळ्या

"जरा पंखा कमी करा हो."

"एक्केचाळीस नंबर."

"माझी फाईल इथेच ठेवली होती मी."

दवाखान्याच्या खिडकीमागे बसलेल्या नोंदणीवालीच्या कानांना असल्या बोलण्याची सवय होती. आज मात्र खिडकीलगतच्या बाकावर नवरा, बायको आणि सासू येऊन बसले, आणि तिचं पेन थांबलं.

"ऐकलंस ना? शुक्राणूंमधल्या डीएनएची मोडतोड होती तेवढीच आहे म्हणाले."

"सिगारेट सोडली. उष्णता नको म्हणून बेकरीच्या भट्टीवर दुसरा माणूस ठेवला. आणखी काय करू मी?"

"शुक्राणूंसाठी दिलेल्या त्या व्हिटॅमिनच्या गोळ्या रोज घेतल्यास ना?"

"त्या मी आईकडे दिल्या होत्या. तिने मला दिल्याच नाहीत. मला वाटलं, दुधातून देत असेल."

"आई, रोज सकाळी दुधाबरोबर मला देता, त्या कुठल्या?"

"त्याच की. एक दिवस चुकवला नाही मी."

"मी समजत होते, रक्तवाढीच्या आहेत. अहो आई, त्या ह्याच्या होत्या."

"त्याला कशाला? तो चांगला धडधाकट आहे."

"आई, दोष माझ्यात निघालाय."

"हळू बोल रे. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. आता आणखी तीन महिने थांबा म्हणाले. चाळिशी उलटलेली बाई मी, मूल व्हायला माझ्याकडे किती महिने उरलेत?"

"चिडतेस कशाला? वाया नाही गेल्या. चेहरा बघ तुझा, कसा उजळलाय."

"बेचाळीस नंबर," नोंदणीवाली म्हणाली. तिला ते दोनदा म्हणावं लागलं.

गोळ्यांच्या चिठ्ठीवर पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी लिहिलं होतं: पुरुष, वय बेचाळीस.