बिबट्यापुढं फ्रेंच

राव, परवा आमच्या वारूळवाडीच्या रानात काय झालं, ऐका! घरी फ्रान्सचा पावणा उतरलाय. त्याला इंग्रजी येत न्हाई. माझी बायको मनीषा मात्र मोबाइलवर इंग्रजीतून फ्रेंच शिकतीय. तिघं बांधानं चाललो व्हतो. पावणा पुढं, बगळ्याचे फोटो काढण्यात दंग. आन उसाच्या कडंला बिबट्या बसलेला!

मी म्हणलं, "मनीषा, त्याला फ्रेंचमध्ये 'बॅक' म्हण!"

"अहो, फ्रेंचमध्ये कुठलं 'बॅक'? पाठीला येगळा शब्द, मागं सरायला येगळा, परत यायला येगळा!"

"कुठलाबी म्हण!"

"आन त्यानं बिबट्याकडं पाठ केली म्हंजे?"

"मग रोज कानात मोबाइलची बोंडं घालून शिकतीस काय?"

"तुमी शिकायचं व्हतं!"

आमच्याकडं उसाजवळनं जाताना मोठ्यानं बोलत जायचं, म्हंजे बिबट्या वाट सोडतो. घाबरून तेच इसरलो व्हतो. पण भांडणात आवाज असा चढला, की बिबट्या उठला आन गपचूप उसात गेला! पावण्यानं ते बघितलं आन आमाला हातच जोडले.

आता रानात निघालो की तो आमच्या दोघांकडं बघतो आन शिकलेला एकुलता एक मराठी शब्द म्हणतो, "भांडा!"