एलओ सापडत नाहीये

आमच्या इंद्रलोकच्या सोसायटीत आयांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे कुणाच्याही पोराला नाव नसतं. सगळे एलओ! एलओ म्हणजे 'लिटल वन', ही अक्कल मला परवा आली.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या श्वेताचा मेसेज आला, 'एलओ गार्डनमध्ये दिसत नाहीये, प्लीज हेल्प.' मला वाटलं, छत्री-बित्री विसरली असेल. बाकीच्या बायकांनी जोडलेले हात पाठवले. जागची मात्र एकही हलली नाही. आणि तिचा विहान माझ्याच घरी, माझ्या मुलीबरोबर चकल्या खात बसलेला!

थोड्या वेळाने बाई रडत दारात. पोराला बघितलं आणि घट्ट धरून ठेवलं.

मी म्हटलं, "अगं, विहान सापडत नाहीये असं सरळ लिहायचं ना! मी तेव्हाच फोन केला असता."

डोळे पुसत मलाच शिकवते, "मुलांची नावं ऑनलाइन टाकायची नसतात गं. प्रायव्हसी असते."

आणि हिचा डीपी काय? शाळेचा पहिला दिवस, गळ्यात आयकार्ड घातलेला विहान. झूम केलं की नाव, वर्ग, बिल्डिंग, फ्लॅट नंबर, सगळं वाचून घ्या!