कोरड्या बोरचा दाखला

बळीराम : आता हे कोनी माननार नाही नौशाद, पन माह्या नातीनं राळेगावच्या एका वावरात जमिनीले कान लावला आन् सांगतलं का आसामात तेल खदखदून राह्यलं.

नौशाद : (बोरच्या गाडीखाली उताना, हातात पान्हा, बाहेर नुसते पाय) आबाजी, माह्या पायालेच सांगा. बाकीचा मी कामात हाय.

बळीराम : पायालेच सांगतो. पाय मधात टोकत नाही. तं मैत्रेयीनं कान लावला...

नौशाद : आसाम कोठी हाये, मालूम हाये का?

बळीराम : राळेगावच्या तिकडं.

नौशाद : राळेगावच्या तिकडं वर्धा येते.

बळीराम : वर्ध्याच्याबी तिकडं. तुही गाडी जात नाही येवढ्या तिकडं. पोट्टी जाते.

नौशाद : जाऊ द्या ना मंग. कोन थांबवलं तिले?

बळीराम : तू.

नौशाद : घ्या. आता आले कामावर.

बळीराम : एक सही पाहिजे लेका, आन् तुह्या धंद्याचा शिक्का. पाच वाजताच्या यष्टीनं ते नागपूरले चालली. मायसंग स्टँडवर बसून हाये. उद्या सकाळी तेल शोधनाऱ्या कंपनीत मुलाखत. त्यायनं पत्रात लिवलं, कामाचा दाखला आना.

नौशाद : सकाळी ते सोता येऊन गेली. तिले नाही म्हनलं, तुमालेबी नाही.

बळीराम : मी आलो हे तिले मालूम नाही. तिचं तोंड पाह्यलं आन् आलो.

जैबुनबी : (नौशादची माय, च्या घेऊन येते) कोन हाये रे नौशाद? बळीरामभाऊ? मले वाटलंच, आसाम-आसाम कोन करून राह्यलं. घ्या, च्या घ्या.

बळीराम : भाभी, कधी आल्या वणीवरून? नातू झाला म्हनते.

जैबुनबी : नात. बाळंतपनातच तीन महिने निंघून गेले. इथचं काईच मालूम नाही मले. सही कायची मांगून राह्यले तुम्ही?

बळीराम : मैत्रेयीसाठी. आमच्या कांताची पोरगी. दगडाचं शिकली, एम.एस्सी. झाली. आता जमिनीखालचं तेल शोधाची नोकरी पाहून राह्यली.

जैबुनबी : तेलाले येवढं शिका लागते? सरकी टाकली घानीत का तेल निंघते.

बळीराम : हे दगडातलं तेल, भाभी. ज्याच्यावर याची गाडी चालते.

नौशाद : चालत होती. आता उभी हाये. कोनामुळं, तेबी सांगा ना मायले.

जैबुनबी : कोनामुळं?

नौशाद : याहिच्या नातीमुळं. दोन उन्हाळे ते पोट्टी माह्या मशीनीजवळ उभी राह्यली. तोंडाले ओढनी, हातात वही. दर दहा फुटाले म्हने, नौशादभाई, भुरका द्या. मी म्हनलं घे बाई, धूळच तं हाये. आता जो तो बोर माराच्या आधी तिलेच बलावते. ते नाल्याचा काठ पाह्यते, दगड फोडते, दगडाचा भुरका दातात धरते आन् म्हनते, काका, इथं नका मारू. बोरी अरब गावचे दोघं फिरले. आर्नीचा एक फिरला. आन् तिले दाखला मीच देऊ?

बळीराम : त्या तिघायचे बोर कोरडे गेले असते.

नौशाद : गेले असते, तं माह्या गाडीनं गेले असते.

जैबुनबी : भुरका दातात काहून धरते ते?

बळीराम : किरकिर वाजला तं रेतीचा दगड. लोन्यावानी लागला तं चिकनमातीचा. यवतमाळ जिल्ह्यात असा दगड नाही भाभी, जो त्या पोट्टीनं खाल्ला नाही. एक डाव तं तिनं भुरका चघळला आन् म्हने, आबा, हा साडेसहा कोटी वर्साचा हाये. मी म्हनलं, जपून खाय, शिळा हाये.

नौशाद : हे झूट हाये.

बळीराम : शिळा म्हनलो ते झूट हाये. बाकी तिनं सांगतलं ते पुस्तकात हाये.

जैबुनबी : पन दाखला कालेजातून भेटत नाही का?

बळीराम : कालेजाची दगड पाह्याची सहल पहाडावर गेलती. ते दिस कापूस येच्याचे. कांता एकटी वावरात. पोट्टी गेली नाही. म्हनून दाखला नाही. आता कंपनीचं पत्र आलं का फिल्ड वर्कचं सर्टिफिकेट आना. पोट्टी घरी नव्हती. मले इंग्रजी येत नाही, कांताले येत नाही. तिनं बाजूच्या मास्तरच्या पोट्ट्याले इचारलं, फिल्ड म्हंजे काय? तो म्हने, वावर. वर्क म्हंजे? काम. कांता दुसऱ्या दिशी तलाठ्याकडं गेली आन् शेतमजुरीचा दाखला घेऊन आली. कुमारी मैत्रेयी ही वावरात काम करते, निंदन, खुरपन, कापूस येचनी. गोल शिक्क्यासहित.

जैबुनबी : या अल्ला. मंग पोट्टी रडली असंन.

बळीराम : नाही. तिनं मायले म्हनलं, बरं झालं आनला, हाबी लावते. लावलाबी. पत्राच्या मागं टाचनी मारून. पाह्य नौशाद, तुहे पाय हासून राह्यले.

नौशाद : पायाचं काय. मी हासलो नाही.

बळीराम : तिच्या घरी गेला का तू कधी? भितीवर खतवाल्याचे जुने क्यालेंडर लावले, उलटे करून. एकेका क्यालेंडरवर तुहा एकेक बोर. वरून खालपर्यंत. मुरूम येवढा, काळा पाषान येवढा, गेरूचा लाल थर येवढा, पानी इथं. खाली खर्ऱ्याच्या पन्न्या चिकटवल्या, त्यात दर दहा फुटाचा भुरका. पानठेल्यावाला पुसते, येवढ्या पन्न्या कोन नेते? माही नात नेते म्हनलं. तो म्हने, आजकाल पोरीबी खर्रा खाते का?

जैबुनबी : माह्या बोरचंबी क्यालेंडर हाये का? आंगनातल्या?

बळीराम : सगळ्यात वर.

नौशाद : माय, तू च्या द्याले आलती ना?

जैबुनबी : मंग देऊन राह्यले. तुमी बोला भाऊ.

बळीराम : तं ते मुलाखतीचा सराव करते. मी सायब होतो. खाटेवर बसतो, पायात पाय टाकतो. इचारतो, मॅडम, तेल कोठी भेटते? ते म्हनते, सर, तेल काही विहिरीवानी साचून नसते. दगडाच्या बारीक-बारीक भोकात मुरलेलं असते, कापसाच्या गाठीत पानी मुरते तसं. आन् वरून गच्च दगडाचं झाकन पाहिजे, नाही तं सगळं वर येऊन उडून जाते. मी म्हनलं, मॅडम, तुम्ही पास. ते म्हने, आबा, असं नाही, अडवून इचारा. आता काय अडवू? मले तिच्या एका बोलन्यात जेवढं समजलं, तेवढं साठ वर्सात कोनी समजून सांगतलं नाही.

नौशाद : होशियार हाये. मी कधी नाही म्हनलो?

बळीराम : दिल्लीचे पेपरवाले आपल्या गावात येऊन राह्यले यंदा. कापसाले भाव नाही, म्हनून. हरेक घरी एकच इचारते, तुमच्या इथं कोनी गेलं का? कांताच्या दारातबी आले. कांता म्हने, गेलं कोनी नाही, जानार हाये. पोरगी. तेल शोधाले. त्यायनं वही बंद केली आन् पुढच्या घरी गेले.

नौशाद : आबाजी, तो बारा नंबरचा पान्हा सरकवा इकडं.

बळीराम : तूबी वहीच बंद करून राह्यला लेका.

नौशाद : आबाजी, मले तिचा राग नाही. प्लाटचा राग हाये. पुऱ्या आर्नीत तोंड दाखवाले जागा नाही ठेवली. बोरवाल्याच्याच प्लाटवर कोरडा बोर. न्हाव्याच्या दुकानात गेलो तं तो म्हनते, पानी घरून आनलं का?

जैबुनबी : कोन्त्या प्लाटवर? हे कधी झालं?

बळीराम : ते मी सांगतो भाभी. तीनशे लोक जमले होते...

नौशाद : चाळीस.

बळीराम : चाळीस घरचे. मी पानी पाह्याले नारळ घेतला तळहातावर. खाली पानी असलं का तो उभा राह्यते. चाळीस वर्सात कोनी म्हनलं नाही का बळीरामचा नारळ चुकला. चाललो, चाललो, आन् एका जागी नारळ असा उभा राह्यला का वरून घार उडत होती ते घाबरून वळली. मी म्हनलं, नौशाद, मार इथं. मैत्रेयी पुढं आली. म्हने, आबा, इथं नाही, नाल्याच्या पलीकडं मारा. मी म्हनलं, पोट्टे, नारळ उभा हाये. ते म्हने, नारळ उभा असू द्या, दगड आडवा हाये. सलग हाये, फुटका नाही. पानी राहीन कोठी?

नौशाद : आन् मी गधा नारळाचं आयकलं. एकशे ऐंशी फूट. धूळ, धूळ, धूळ. ते बाजूले उभी राहून दर दहा फुटाले पन्नी भरून राह्यली. तोंडातून एक शब्द नाही. म्हनली असती ना, मी सांगतलं होतं, तं बरं वाटलं असतं मले.

बळीराम : आन् आठ दिसानं पलीकडं वामनरावनं मारला, तिनं दाखवला तिथं.

नौशाद : पंच्यान्नव फुटावर फवारा. माह्याच गाडीनं. माह्याच आंगावर.

जैबुनबी : आरे पन प्लाट कोन्ता?

नौशाद : आपलाच माय. नाल्याकाठचा. वर्कशाप बांधाले घेतला तो.

जैबुनबी : मोठ्या चिंचेजवळचा?

बळीराम : भाभी, च्या जरा गोड झाली बरं आज. साखर बदलली का?

जैबुनबी : चिंचेच्या कोन्त्या आंगाले मारला बोर?

नौशाद : उगवतीकडं. असंन वीस कदम. काहून?

बळीराम : साडेचार झाले नौशाद. यष्टी काही थांबत नाही. तू येवढंच लिव, का या पोरीनं दोन उन्हाळे माह्या गाडीवर दगड तपासला आन् माहाच बोर कोरडा जाईन हे आधीच सांगतलं. आपल्या तोंडानं आपली हार लिवनारा मानूस खोटा नसते, हे कंपनीच्या सायबालेबी समजते.

जैबुनबी : वीस कदम उगवतीकडं. नौशाद, तू पोटात होता माह्या तवा. बहात्तरचा दुष्काळ. तिथंच बाजूले सरकारी विहीर खोदाले घेतली होती. मी पाट्या वाह्यल्या. चाळीस फूट गेलो. नुसता काळा पाषान, थेंब नाही. मंग ते बुजवून टाकली.

नौशाद : बुजवली? मले तं कोनी बोललं नाही.

जैबुनबी : ज्याच्याकून प्लाट घेतला तो तं परगावचा. त्याले कुठून मालूम. पन विहिरीच्या तळाशी सुरुंगाचे भोकं कोन मारत होतं, बळीरामभाऊ?

बळीराम : लय जन होते, भाभी.

जैबुनबी : लय जन वरते होते. खाली एकच होता. दोरानं उतरे. वर आला का आमच्याजवळ बसून गोष्टी सांगे का खाली वाघ बांधला हाये.

नौशाद : थांबा. मी बाहीर येतो. आता सांगा आबाजी, माह्या डोयात पाहून. तुमाले मालूम होतं?

बळीराम : म्हातारपन हाये लेका. इसरलो असीन. नारळबी म्हातारा होता.

नौशाद : दुसऱ्याच्या वावरात चाळीस वर्सात इसरला नाही, आन् माह्याच प्लाटवर इसरला?

बळीराम : दुसरा बिचारा मरून गेला असता. तुही गाडी सोताची, प्लाट सोताचा. चुकाले बरी जागा होती.

नौशाद : चुकाले बरी जागा?

बळीराम : आयक. मी छप्पन साली नागपूरले गेलतो. देव सोडले. नारळ सोडाले नाही जमलं. काहून? मी वावर पाह्यतो, नाला पाह्यतो, उंबर कोठी वाढला ते पाह्यतो, मले समजते. पन माह्यासारख्यानं रिकाम्या हातानं पाटलाले सांगतलं असतं का इथं खोदा, तं त्यानं कुत्रं सोडलं असतं. नारळ पाह्यला का चूप. जिंदगीभर लोकायनं नारळाले मानलं, मले नाही. आता ते पोट्टी रिकाम्या हातानं उभी होती. वही घेऊन. माहा नारळ तिथं खरा ठरला असता, तं तिच्या वहीले कोन पुसलं असतं?

नौशाद : म्हंजे...

बळीराम : म्हंजे काही नाही. नारळ चुकला. ते नागपुरात हेच सांगनार हाये, का आज्याच्या नारळाच्या पुढं माहा दगड खरा निंघाला. तिच्या पोटात तेवढा एकच धीर हाये. तुमी दोघं कोनाले काही बोलू नका. नारळ चुकला.

नौशाद : त्या विहिरीचं तिले कोनी सांगतलं होतं?

बळीराम : माह्या आईची शपथ, नाही. तिनं नाल्याच्या काठावर तीन दिस दगड मोजला. जे मले चाळीस फूट सुरुंग लावून समजलं, ते तिले वरूनच समजलं.

जैबुनबी : हा म्हातारा खोटं बोलून राह्यला, नौशाद. याचा नारळ चुकला नाही, यानं चुकवला. पन पोट्टी खरी हाये. हात पूस आन् सही कर.