हरकतीची वही

मामा: ते टाकू नका बाई, इकडे द्या.

बाई: मामा, सगळंच इकडे द्या म्हटलंत तर हे कपाट रिकामं कधी व्हायचं? सोमवारी इतिहास विभाग नव्या इमारतीत जायचाय.

मामा: म्हणून तर निवृत्त शिपायाला घरून बोलावून घेतलंत ना, काय टाकायचं ते सांगायला. हातात काय आहे ते बघा तरी.

बाई: (धूळ झटकत) अगंबाई, हरकतीची वही!

मामा: सतरा आहेत अशा. वर्गाच्या दाराला दोरीनं टांगायचो. शिकवलेलं ज्याला पटलं नाही, त्यानं त्यात लिहायचं. पुढच्या तासाला सर आधी त्याचं उत्तर देणार, मग पुढचा धडा.

बाई: मला काय सांगताय? मी त्याच वर्गात बसायचे, तिसऱ्या बाकावर.

मामा: बसायचात कसल्या, भांडायचात.

बाई: हे बघा, कुणीतरी सरांचं चित्र काढलंय. कान केवढे ते.

मामा: खाली सरांनी काय लिहिलंय वाचा.

बाई: 'कान बरोबर. नाक जरा जास्त झालं.' काय माणूस होता, मामा.

मामा: मला ह्याच वहीवर वाचायला शिकवलं त्यांनी. चाळिशी उलटली होती माझी. दुपारी पोरं गेली की म्हणायचे, आज कुणाला काय पटलं नाही, वाचा बघू. पहिलं अख्खं वाक्य मी वाचलं ते हेच, 'सर, हे मला पटलं नाही.' पाऊण तास लागला.

बाई: आणि सर थांबले?

मामा: थांबले की. चहा गार झाला त्यांचा. पण तुमचं लक्ष कुठंय? आल्यापासून सारखं घड्याळ बघताय.

बाई: चारपर्यंत एक सही करून द्यायचीय. धरणाचा भाग यापुढे शिकवणार नाही म्हणून. कॉलेजच्या कार्यालयाचं पत्र आलंय.

मामा: गावं उठवली, त्या धरणाचा?

बाई: तोच. वर्गातल्या एका मुलानं वर तक्रार केली, मी एकांगी शिकवते म्हणे. सही दिली नाही तर विभागप्रमुखपद काढून घेणार. नव्या इमारतीत नवा प्रमुख.

मामा: सर प्रमुख होते तेव्हा त्यांनाही आलं होतं असलं पत्र. गिरणीचा संप शिकवू नका म्हणून.

बाई: आठवतंय. त्याच दिवशी येऊन त्यांनी संपच शिकवला. बसायला जागा नव्हती, आम्ही खिडकीशी उभं राहून ऐकलं. काय दिवस होते ते.

मामा: त्यानंतर एका पोरीनं वहीत लिहिलं, तुम्ही सांगता ते चूक आहे, माझे वडील होते त्या संपात. सर तीन आठवडे जुनी कागदपत्रं उलथीपालथी करत बसले. मग वर्गात उभं राहून म्हणाले, हिचं बरोबर, मी चुकलो.

बाई: हे मी विसरूनच गेले होते.

मामा: दारावरची वही का काढलीत, बाई?

बाई: मुलं काहीबाही लिहायला लागली. नटांची नावं, शिव्या. आणि खरं सांगू? रोज उत्तरं द्यायला वेळ कुठून आणायचा?

मामा: मग त्या पोरानं लिहायचं कुठं होतं?

बाई: घ्या, तुम्हीही त्याचीच बाजू घ्या.

मामा: बाजू कसली घेतोय. तो म्हणतो काय, ते तरी कळू द्या.

बाई: त्याचे आजोबा धरणावर इंजिनिअर होते. लोकांची सोय लागल्याशिवाय पाणी अडवू नका, असं त्यांनी आणि आणखी चौघांनी लेखी कळवलं होतं म्हणतो. मी सगळ्या इंजिनिअरांना एकाच दावणीला बांधते.

मामा: कळवलं होतं का?

बाई: माहीत नाही.

मामा: बघितलं नाहीत?

बाई: वीस वर्षं तेच शिकवतेय, मामा. बघावं असं कधी डोक्यातच आलं नाही. समजा आता बघितलं, तो बरोबर निघाला आणि वर्गात मी तसं म्हटलं, की कार्यालय नाचणार. बाईंनीच कबूल केलं म्हणून.

मामा: नाचू द्या. तेव्हाही नाचले होते. दुसऱ्या दिवशी सरांनी पुन्हा संपच शिकवला, दुरुस्त करून.

बाई: पद गेलं त्यांचं.

मामा: गेलं. खुर्ची दुसऱ्याला मिळाली, सर आपले त्याच वर्गात शिकवत राहिले. चहा मी आधी त्यांनाच द्यायचो.

बाई: नव्या प्रमुखाच्या आधी? धन्य आहे तुमची. एक कोरा कागद द्या बघू. नको, दोन द्या.

मामा: हे घ्या. पावणेचार झालेत, आधी कार्यालयाचं लिहा.

बाई: आधी त्या मुलाचं. (लिहीत) 'आजोबांचं ते पत्र घरात असेल तर घेऊन ये, वर्गातच वाचू. नसेल तर दोघं मिळून शोधू.'

मामा: आणि कार्यालयाचं?

बाई: सही देणार नाही, एवढंच तर कळवायचंय. त्याला एक ओळ पुरे. ह्याला वेळ लागेल.